व्हर्च्युअल टॉवरची रेडिओभाषा: पहिल्या सहा आठवड्यांची सराव-नोंद

ही नोंद व्हॅटसिमवर, म्हणजे सिम्युलेटरमधले पायलट आणि कंट्रोलर जोडणाऱ्या ऑनलाइन नेटवर्कवर, नव्यानं कंट्रोलर होऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. खातं उघडून झालंय, युरोस्कोप हा कंट्रोलरचा प्रोग्रॅम बसवलाय, मुंबई विमानतळाची म्हणजे व्हीएबीबीची सेक्टर फाइल (त्या भागाचा नकाशा) उघडून बघितलीय आणि आता माइकचं बटण दाबायची धास्ती वाटतेय, अशा टप्प्यावरची मंडळी डोळ्यांसमोर आहेत. व्याप्ती डिलिव्हरी (निघण्याआधी रूटची परवानगी), ग्राउंड (जमिनीवरची हालचाल) आणि टॉवर (रनवे) एवढीच. अप्रोचचं रडारवरचं बोलणं वेगळं प्रकरण आहे, ते इथे घेतलेलं नाही.

आमचं ठाम मत आधीच सांगून टाकतो. नवा कंट्रोलर वाक्यं पाठ करण्यात महिना घालवतो आणि पायलटनं परत वाचून दाखवलेलं, म्हणजे रीडबॅक, ऐकायला शिकतच नाही. म्हणून सहापैकी सगळ्यात जास्त जागा तिसऱ्या आठवड्याला दिली आहे.

आठवडा १: फक्त कान आणि कागद

ऑब्झर्व्हरला फ्रिक्वेन्सी ऐकता येते, बोलता येत नाही. या आठवड्यात तेच हवं. संध्याकाळचं एखादं गजबजलेलं स्टेशन निवडा, रोज एक तास बसा आणि कंट्रोलरनं दिलेलं प्रत्येक क्लिअरन्स (परवानगी) कागदावर उतरवा. कोऱ्या कागदाच्या आडव्या पट्ट्या कापा. डावीकडे कॉलसाइन, मग स्टँड, कुठे जाणार, रनवे, लेव्हल (उंची), स्क्वॉक (रडारवर विमान ओळखायचा चार अंकी कोड) आणि शेवटी रीडबॅकच्या खुणेसाठी रिकामी चौकट. पडद्यावर डिपार्चर लिस्ट असली तरी पट्टी लिहा. हातानं लिहिलेला आकडा डोक्यात राहतो.

कॉलसाइनचं पहिलं कोडं इथेच सुटतं. पडद्यावर दिसतं आयजीओ ५१३७, रेडिओवर म्हणायचं ‘आयफ्लाय फाइव्ह वन थ्री सेव्हन’. इंडिगो म्हणायचं नाही. एअर इंडिया एक्स्प्रेसचं एएक्सबी म्हणजे ‘एक्सप्रेस इंडिया’, ब्रिटिश एअरवेजचं बीएडब्ल्यू म्हणजे ‘स्पीडबर्ड’. भिंतीवर आठ-दहा नावांची यादी लावून ठेवा. कंपनीचं नाव आणि फ्लाइट नंबर अशा कॉलसाइनला संक्षेप नसतो, ते दर वेळी पूर्ण घ्यायचं. व्हीटी-एक्सवायझेड अशी नोंदणी कॉलसाइन म्हणून असेल तर तिचं छोटं रूप चालतं, पण ते आधी कंट्रोलरनं वापरायचं, पायलटनं नाही.

मराठी डोक्याची इथे एक खास अडचण होते. आपण ६७ ला सदुसष्ट म्हणतो, म्हणजे सात आधी आणि साठ नंतर. ५९ तर एकोणसाठ. कानावर ‘सिक्स सेव्हन’ पडलं की मनात त्याची मराठी जोडी जुळते आणि घाईत हातून ७६ उतरतं. उपाय सोपा आहे: अंक ऐकला की तो लगेच लिहायचा, दोन अंकांची संख्या मनात होऊच द्यायची नाही. रेडिओवर अंक सुटे बोलतात ते याचसाठी.

आठवडा २: डिलिव्हरी, पंधरा सेकंदांत

आता बोलायचं, पण नेटवर्कवर नाही. मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. नमुन्याचं क्लिअरन्स असं घ्या:

‘आयफ्लाय फाइव्ह वन थ्री सेव्हन, क्लिअर्ड टू डेल्ही व्हाया फ्लाइट प्लॅन्ड रूट, रनवे टू सेव्हन, क्लाइंब फ्लाइट लेव्हल सेव्हन झिरो, स्क्वॉक टू थ्री फोर वन.’

हे पंचवीस शब्द झाले. आंतरराष्ट्रीय नियमांत बोलण्याचा वेग मिनिटाला १०० शब्दांपेक्षा जास्त नको असं म्हटलंय, म्हणजे याला पंधरा सेकंद लागले पाहिजेत. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचं आठ-नऊ सेकंदांत संपतं. समोरचा लिहून घेतोय हे लक्षात ठेवा, त्याच्या पेन्सिलीच्या वेगानं बोला. (लेव्हल इथे नमुन्यादाखल आहे. प्रत्यक्षात एसआयडीचं, म्हणजे उड्डाणानंतरच्या ठरलेल्या मार्गाचं, नाव आणि सुरुवातीची लेव्हल आपल्या व्हीएसीसीच्या, म्हणजे व्हॅटसिमच्या स्थानिक विभागाच्या, कार्यपद्धतीत असेल तीच द्यायची.)

बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून मग बोला आणि वाक्य पूर्ण झाल्यावरच सोडा. घाईत पहिलं अक्षर कापलं जातं आणि कापलं जातं ते नेमकं कॉलसाइनमधलं. मग दोन विमानं एकदम उत्तर देतात, दोघांचं एकावर एक येऊन नुसती किंचाळी ऐकू येते.

उच्चारांबाबत: पुस्तकात तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’ आणि नऊला ‘नाइनर’ असं दिलेलं आहे. यातलं नाइनर तरी पक्कं करा, खरखरीत नाइन आणि फाइव्ह सारखेच वाटतात. फ्रिक्वेन्सीत ‘डेसिमल’ म्हणायचं, ‘पॉइंट’ ही अमेरिकन सवय. व्ही आणि डब्ल्यू आपण दोन्ही ‘व’नेच काढतो, म्हणून टॅक्सीवेचं अक्षर नुसतं कधी बोलू नका, ‘व्हिक्टर’ किंवा ‘विस्की’ पूर्ण म्हणा.

स्क्वॉकमध्ये फक्त ० ते ७ हेच अंक असतात. चार जागा, प्रत्येकी आठ पर्याय, म्हणून एकूण ४०९६ कोड. पट्टीवर ८ किंवा ९ दिसला तर लिहिताना चूक झालीच आहे. ७५००, ७६०० आणि ७७०० कुणालाही द्यायचे नाहीत: अपहरण, रेडिओ बंद, आणीबाणी.

आठवडा ३: रीडबॅक

पायलटनं परत वाचून दाखवलंच पाहिजे अशा गोष्टी मोजक्या आहेत. रूटचं क्लिअरन्स. रनवेशी संबंधित प्रत्येक परवानगी: आत जा, ओलांडा, उतरा, उड्डाण करा, रनवेवरून मागे या, आणि रनवेच्या अलीकडे थांबा. वापरातला रनवे, क्यूएनएच (अल्टिमीटरला म्हणजे उंचीमापकाला लावायचा हवेचा दाब), स्क्वॉक, लेव्हल, हेडिंग (दिशा), वेग. यातल्या कशालाही नुसतं ‘रॉजर’ आलं तर ते उत्तर धरायचं नाही. रॉजर म्हणजे ‘तुमचं बोलणं पूर्ण मिळालं’ एवढंच. मिळालं म्हणजे बरोबर मिळालं असं नव्हे. हवा असलेला भाग नेमका मागा: ‘रीड बॅक होल्ड शॉर्ट.’

आता खरी मेख. आपण दिलं २३४१ आणि पायलट वाचतो २४३१. कान काय ऐकतो? २३४१. कारण ते आपणच आत्ता बोललोय आणि मन तेच ऐकायची वाट बघतंय. आमच्या सरावात हीच चूक सगळ्यात जास्त निसटते. त्यावर पेन्सिलीची युक्ती चालते. क्लिअरन्स देऊन बटण सोडलं की नजर पडद्यावरून काढून पट्टीवर आणायची आणि पायलट एकेक अंक बोलेल तसा पट्टीवरच्या त्या अंकाखाली ठिपका द्यायचा. टू, ठिपका. फोर... इथे पेन्सिल ३ च्या खाली अडते. चार ठिपके बसले की चौकटीत बरोबरची खूण, मगच ‘रीडबॅक करेक्ट’. रीडबॅक चालू असताना दुसऱ्या विमानाची पट्टी शोधायची नाही, पुढचं वाक्य मनात जुळवायचं नाही. हे जमायला आठवडा पुरत नाही, पण आठवड्यात फरक जाणवतो.

चूक सापडली तर फक्त चुकलेला भाग पुन्हा द्या: ‘आयफ्लाय फाइव्ह वन थ्री सेव्हन, निगेटिव्ह, स्क्वॉक टू थ्री फोर वन.’ अख्खं क्लिअरन्स पुन्हा ऐकवलं तर कुठे चुकलं ते पायलटला कळत नाही. मग त्यानं पुन्हा वाचायचं आणि आपण पुन्हा ठिपके द्यायचे.

शंका असेल तेव्हा प्रश्न मोकळा ठेवा. ‘कन्फर्म क्यूएनएच वन झिरो झिरो थ्री?’ असं विचारलं की दमलेला पायलट न बघताच ‘अफर्म’ म्हणून टाकतो. ‘से अगेन क्यूएनएच’ म्हटलं तर त्याला आकडा सांगावाच लागतो. हे उदाहरण मुद्दाम घेतलंय. पावसाळ्यात मुंबईचं क्यूएनएच हजाराच्या आसपास असतं आणि सिम्युलेटरमध्ये अल्टिमीटर बऱ्याचदा १०१३ वरच राहून जातो. १००३ आणि १०१३ रेडिओवर एका अंकानं वेगळे. एका हेक्टोपास्कलला २७ ते ३० फूट धरले तर विमान दाखवल्यापेक्षा तब्बल पावणेतीनशे-तीनशे फूट खाली असतं.

रीडबॅक निसटण्याची किंमत १९ फेब्रुवारी १९८९ ला मलेशियात मोजली गेली. फ्लाइंग टायगरचं ६६ क्रमांकाचं मालवाहू बोइंग ७४७ क्वालालंपूरच्या सुबांगला उतरत होतं. कंट्रोलर म्हणाला, ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो.’ त्याला म्हणायचं होतं २४०० फूट. पायलटनं तो ‘टू’ हा ‘पर्यंत’ असा घेतला आणि उत्तर दिलं, ‘ओके, फोर झिरो झिरो.’ चूक त्या उत्तरात स्पष्ट ऐकू येत होती, ती कुणी धरली नाही. विमान टेकडीला धडकलं, चौघेही गेले. म्हणून उंची नेहमी ‘टू थाउजंड फोर हंड्रेड फीट’ अशी, आणि लेव्हल असेल तर आधी ‘फ्लाइट लेव्हल’ हे शब्द. हे दोन शब्द वाचवायच्या भानगडीत कधीही पडू नका.

आठवडा ४: ग्राउंड

पटकन सांगण्यासारखं आहे. पुशबॅकला (विमान स्टँडवरून मागे ढकलायला) ‘अप्रूव्हड’. टॅक्सीचा रस्ता सांगताना मर्यादा आधी: कुठपर्यंत, मग कोणत्या टॅक्सीवेवरून. ‘क्लिअर्ड’ हा शब्द ग्राउंडवर शक्यतो तोंडात येऊ देऊ नका. ‘क्लिअर्ड टू पुश’ ऐकलं की पायलटच्या मनातला त्या शब्दाचा वजनदारपणा जातो.

मुंबईला ०९/२७ आणि १४/३२ हे रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे ग्राउंडचा सराव इथे चांगला होतो. रस्त्यात दुसरा रनवे आडवा आला की तो ओलांडायची परवानगी स्वतंत्र द्यायची किंवा ‘होल्ड शॉर्ट ऑफ रनवे वन फोर’ म्हणायचं. मधलं काही नाही. ‘स्टँड बाय’ म्हणजे थांबा, मी बोलावतो. तो होकारही नाही आणि नकारही नाही. नवे पायलट त्याला होकार समजून निघतात, म्हणून त्यानंतर त्या विमानावर डोळा ठेवा.

आणखी एक: ‘गुड मॉर्निंग सर’, ‘येस सर’, ‘ओके सर’. आपल्याकडचा आदब समजण्यासारखा आहे, पण पाच विमानं रांगेत असताना हे शब्द दुसऱ्याची जागा खातात. पहिल्या संपर्कात एकदा नमस्कार पुरे.

आठवडा ५: टॉवर, आणि एक राखून ठेवलेला शब्द

‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त दोन वेळा उच्चारायचा: परवानगी देताना आणि ती रद्द करताना. बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’. ‘रिपोर्ट रेडी फॉर डिपार्चर’, ‘आफ्टर डिपार्चर’.

यामागे २७ मार्च १९७७ चं तेनेरिफे आहे. धुक्यात केएलएमचं जंबो रनवेच्या टोकाला उभं होतं आणि पॅन अॅमचं जंबो त्याच रनवेवर समोरून येत होतं. केएलएमला त्या जागी रूटचं क्लिअरन्स मिळालं, त्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द आला, आणि विमान धावायला लागलं. ‘वी आर नाऊ अॅट टेक-ऑफ’ या त्यांच्या वाक्याला टॉवरनं ‘ओके’ म्हटलं. त्यानंतरचं ‘स्टँड बाय फॉर टेक-ऑफ, आय विल कॉल यू’ हे पॅन अॅमच्या त्याच क्षणीच्या बोलण्याशी आदळून शिट्टीत बुडालं. ५८३ माणसं गेली. यातून नेहमीच्या सवयी तीन निघतात: शब्द राखून ठेवणं, रनवेवर लाइन अप होत असलेल्या विमानाला रूटचं क्लिअरन्स न देणं, आणि ‘ओके’ हा शब्द रेडिओवरून हद्दपार करणं.

क्रम असा बसवा. ‘लाइन अप अँड वेट, रनवे टू सेव्हन’ (रनवेवर येऊन थांबा). रीडबॅक, ठिपके. समोरचं विमान उठलं, रनवे मोकळा, डोळ्यांनी एकदा टोकापासून टोकापर्यंत. मग ‘विंड टू सिक्स झिरो डिग्रीज वन टू नॉट्स, रनवे टू सेव्हन, क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ.’ थांबवायचं असेल आणि विमान अजून धावत नसेल तर ‘होल्ड पोझिशन, कॅन्सल टेक-ऑफ, आय से अगेन, कॅन्सल टेक-ऑफ’. धावायला लागलं असेल तर कॉलसाइनसह ‘स्टॉप इमिजिएटली’, दोनदा. ही दोन वाक्यं आणि ‘गो अराउंड’ मोठ्यानं, रोज, न चुकता म्हणा. लागतील तेव्हा आठवायला वेळ नसतो.

‘बिहाइंड द लँडिंग एअरबस, लाइन अप अँड वेट बिहाइंड’ असं अटीचं क्लिअरन्स ऐकायला छान वाटतं. पहिले काही महिने ते देऊ नका. अट देण्यासाठी ते विमान पायलटला दिसलं पाहिजे आणि ओळखता आलं पाहिजे. नेटवर्कवर तुमच्या पडद्यावरचं एअरबस त्याच्या सिम्युलेटरमध्ये मॉडेल नसल्यामुळे बोइंग म्हणून उभं असू शकतं.

आठवडा ६: स्वेटबॉक्स

स्वेटबॉक्स हा व्हॅटसिमचा सरावाचा सर्व्हर. इथे मेंटर खोटी विमानं चालवतो. त्याला आधीच सांगून ठेवा: दर पाचातला एक रीडबॅक चुकीचा दे, कुठला ते सांगू नकोस. सुरुवात सहा विमानांनी. सगळ्या चुका पकडल्या तर पुढच्या वेळी आठ. एक जरी निसटली तरी पुन्हा सहा.

टेक्स्टवाल्या पायलटांचाही सराव इथेच करा. फ्लाइट प्लॅनच्या शेऱ्यात /टी/ असेल तर तो लिहून बोलतो, /आर/ असेल तर ऐकतो पण लिहून उत्तर देतो. त्याचं उत्तर यायला वेळ लागतो, तोवर दुसऱ्याशी बोला पण त्याची चौकट रिकामीच ठेवा. नेहमीच्या वाक्यांचे एलिअस (लघुरूपं) युरोस्कोपमध्ये आधीच तयार करून ठेवले तर हात अडत नाही.

सारख्या कॉलसाइनची एक जोडी मुद्दाम मागून घ्या, उदाहरणार्थ ५१३७ आणि ५१७३. दोघांनाही आधी सावध करायचं आणि दर वेळी कॉलसाइन सावकाश घ्यायचं. पुढचा कंट्रोलर ऑनलाइन नसेल तर निरोप ‘मॉनिटर युनिकॉम, वन टू टू डेसिमल एट’ असा. युनिकॉम म्हणजे कंट्रोलर नसताना वापरायची सामाईक फ्रिक्वेन्सी. मॉनिटर म्हणजे नुसतं ऐकत राहा, काँटॅक्ट म्हणजे जाऊन बोला.

सातव्या आठवड्यात हीच सहा विमानं, पण अर्धी २७ वरून आणि अर्धी १४ वरून. पट्ट्यांसाठी दोन रंगांचे कागद आत्ताच कापून ठेवा.