वालाच्या शेतातली तिरकी रेघ

रायगड जिल्ह्यातल्या चौलच्या आसपास राहणाऱ्याला जमिनीत सगळीकडे जुनं बंदरच दिसतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत ज्याचा उल्लेख आहे ते बंदर म्हणजे हेच, असं अभ्यासक मानतात. मग शेजारच्या मळ्यात काहीच नसेल यावर मन विश्वास ठेवत नाही.

गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं मागेपुढे करत होतो. फेब्रुवारीतल्या एका चित्रात वालाच्या शेतात फिकट वर्तुळ दिसलं, बाजूला गडद हिरवा चौकोन, आणि तीन शेतं तिरकी कापत गेलेली एक फिकट रेघ. वर्तुळ म्हणजे स्तूप, चौकोन म्हणजे पुष्करणी, रेघ म्हणजे तटबंदी. रातोरात अख्खं नगर वसवून मोकळा झालो.

तर्क अगदीच हवेतला नव्हता. जमिनीखाली बुजलेला खंदक असेल तिथे माती खोल असते, ओल टिकते आणि पीक जास्त दिवस हिरवं राहतं. भिंत असेल तर वरची माती पातळ, पीक खुरटं आणि लवकर पिवळं. इंग्लंडमधलं वुडहेंज हे प्राचीन स्थळ १९२५ साली विमानातून दिसलं ते शेतातल्या गडद ठिपक्यांमुळे. उत्खननात खाली लाकडी खांबांचे खड्डे निघाले. आपल्याकडे मात्र भात बघून काही कळत नाही, खाचरात सगळ्याच रोपांचे पाय पाण्यात. वालाचं तसं नाही. भात कापल्यावर पेरला की जमिनीतल्या ओलीवर येतो, वरून पाणी कोणी देत नाही. ओल सरत आली की शेतातला फरक उघडा पडतो.

आधी चित्र उलटं फिरवून पाहिलं. ऊन दक्षिणेकडून असलं की नेहमीच्या नकाशात डोळा फसतो, उंचवटा खड्ड्यासारखा दिसतो. मग वेगवेगळ्या वर्षांची चित्रं लावून पाहिली. तिन्ही खुणा जागच्या जागी होत्या, म्हणजे टिलरच्या चाकोऱ्या नव्हेत. एवढ्यावर मी खूश.

शेत ज्यांचं, त्या काकांना मोबाईल दाखवला. त्यांनी वर्तुळावर बोट ठेवलं. “हे आमचं खळं. इथे मधे तिवडा होता.” तिवडा म्हणजे मळणीचे बैल ज्याभोवती फिरतात तो खांब. बैलांनी तुडवलेली, चोपून सारवलेली जमीन, नंतर कितीही नांगरली तरी खालचा थर घट्टच. चौकोनाला तर ते हसलेच. “तिथे राब भाजतो आम्ही, दरवर्षी तिथेच.” राब म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा, शेण पसरून जाळणं. राख आणि शेणखताने ती जागा काळी झालेली, वाल तिथे माजणारच. माझा स्तूप आणि पुष्करणी दोन मिनिटांत गेली.

रेघेपाशी मात्र काका थांबले. “ही मला पण ठाऊक नाही. आमचे बांध असे जात नाहीत.”

दोघं उकिडवे बसलो. रेघेवरचा वाल वीतभर, पानांच्या कडा करपलेल्या, झाडाला दोन-तीनच शेंगा. चार पावलं बाजूला तोच वाल गुडघ्याला लागत होता. काकांनी पहार आणली. बाजूला ती हातभर आत गेली. रेघेवर वीतभर जाऊन टण्णकन वाजली. पुढे दोन ठिकाणी टोचून पाहिलं, तसंच.

भिंत! पण ती निसर्गानेही बांधलेली असू शकते. आपल्या किनाऱ्यावर काळ्या पाषाणात डाइक आहेत, म्हणजे भेगांत वर चढून थिजलेला लाव्हा. त्यांतल्या बऱ्याच उत्तर-दक्षिण धावतात, आणि ओहोटीला काही ठिकाणी रचलेल्या भिंतीसारख्या सरळ दिसतात. माझी रेघही जवळपास उत्तर-दक्षिणच. डाइक काय आणि जुना तट काय, शेताच्या बांधांना कोणीच जुमानत नाही.

काका खणायला तयार होते. मीच नको म्हटलं. उत्खननाला परवानगी लागते, आणि घाईने उकरलं की मातीचे थर विस्कटतात, मग कोणालाच काही वाचता येत नाही. ओळखीच्या एका पुरातत्त्व अभ्यासकांना द्यायला नोंद केली. खळं आणि राब नावानिशी लिहिलं. रेघेपुढे ‘तटबंदी’ लिहिलं, खोडलं, आणि लिहिलं: ‘सरळ खूण, खाली कठीण थर, डाइक किंवा बांधकाम, बांधांशी जुळत नाही.’ शब्द खोडताना जिवावर आलं होतं.

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा मोजायचं ठरवलं होतं. पण काका त्या तिन्ही शेतांत यंदा पांढरा कांदा लावायचा म्हणतायत. कांद्याला पाणी देतात, म्हणजे रेघ दिसायची नाही.