सौभद्रातली पहाट

रविवार, रात्री पावणेबारा

आजचं ‘संगीत सौभद्र’ डोक्यातून जात नाहीये, म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवते.

नव्या संचाचा प्रयोग होता. पाच अंकांचं नाटक दोन अंकांत, मध्यंतर धरून पावणेतीन तासांत बसवलेलं. रंगवलेले पडदे नाहीत. पायऱ्यांची एक लेव्हल, मागे पांढरा पडदा आणि बाकी सगळी भिस्त प्रकाशयोजनेवर. मंडळी तयारीची होती. सुभद्रा झालेल्या मुलीने ‘वद जाऊ कुणाला शरण’ इतकं हलकं, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हटलं की अंगावर काटा आला. असं गाता येतं ते माइकमुळे. पहिल्या काळात भाऊराव कोल्हटकर सुभद्रा करत, तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा तर आवाज फेकावाच लागे, प्रेक्षकांकडे तोंड करून पुढे यावंच लागे. तेव्हा सुभद्रा आपलं दुःख सगळ्या थिएटरला सांगायची. आज ती एकटी होती आणि आम्ही चोरून ऐकत होतो. मला आजची सुभद्रा जास्त जवळची वाटली.

मध्यंतरात मागे कुणीतरी म्हणालं, “मूळ सौभद्र राहिलंच नाही.” घरी येईपर्यंत मी त्यावरच विचार करत होते. मूळ म्हणजे कुठलं? १८ नोव्हेंबर १८८२ ला पुण्यात जो पहिला प्रयोग झाला तो तर पहिल्या तीनच अंकांचा होता. नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांची पदं तेव्हा बोलण्याच्या ओघात यायची. साकी, दिंडी अशा छंदांतली छोटी पदं. दोन ओळींची साकी, एखादी दिंडी, लगेच पुढचं वाक्य. गाणं म्हणजे संवादाचाच चढलेला सूर. पुढे बालगंधर्वांच्या काळात साथीला तबल्यावर थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष अशी माणसं आली आणि गाण्याने नाटक व्यापलं. वन्स मोअर मिळाला की पद पुन्हा, त्यात नव्या जागा, नवा रंग. त्या गाण्यावर माझा जीव आहे. पण आपण ज्याला ‘मूळ’ म्हणतो ते बहुतेक वेळा हे दुसरं रूप असतं, १८८२ चं नव्हे. छोटी पदं आणि पटापट सरकणारी गोष्ट पाहिली तर आजचा आटोपशीर प्रयोग किर्लोस्करांच्या जवळ जाऊ शकला असता.

गेला नाही, कारण कात्री चुकीच्या जागी चालली. गाजलेली पदं सगळी ठेवली आणि साक्या-दिंड्या काढून टाकल्या. म्हणजे लोकांना पाठ असलेलं तेवढं राहिलं आणि गोष्ट पुढे नेणारं गेलं. बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला द्यायचं ठरवलंय, कृष्ण वरवर गप्प राहून सगळी सूत्रं हलवतोय, यतीच्या वेषातला अर्जुन घरात घेतला जातोय. हा सगळा डाव बारीकसारीक बोलण्यातून आणि चिमुकल्या पदांतून उलगडतो. ती नसली की एका गाण्यावरून दुसऱ्यावर उडी. मला याचं खरंच वाईट वाटलं. दिग्दर्शकाने लांब ताना कापाव्यात, अंतरे कापावेत, पण साकीला हात लावू नये.

शेजारी एक आजी बसल्या होत्या. मांडीवरच्या पर्सवर बोटांनी ठेका धरलेला. एका पदाचा दुसरा अंतरा गाळला, लगेच संवाद सुरू झाला, तरी त्यांची बोटं तशीच चालू राहिली, ओठ हलत राहिले. पूर्ण अंतरा मनात म्हणून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, आल्यावरच हात थांबला. मी त्या वेळी रंगमंचाकडे बघतच नव्हते.

आणि मग ‘प्रिये पहा’. कृष्ण रुक्मिणीला उजाडत असल्याचं सांगतो. प्रकाशयोजनाकाराने इथे फार सुंदर काम केलंय. मागच्या पडद्यावर आधी राखाडी, मग खालून केशरी कड, हळूहळू पिवळसर. मिनिटभरात पहाट. घड्याळात नऊ वाजत आले होते.

जुनी मंडळी सांगतात की नाटक रात्रभर चालायचं आणि हे पद यायच्या सुमाराला बाहेर खरंच उजाडायला लागलेलं असायचं. हे मी पूर्वीही ऐकलं होतं. पण आज शब्द नव्याने कानावर पडले: ‘थंडगार वात सुटत, दीपतेज मंद होत’. नेमक्या याच ओळीला आज रंगमंचावर उजेड वाढत गेला. पदात मात्र दिवे मंद होतायत. वीज नव्हती तेव्हा. रात्रभर जळणाऱ्या दिव्यांच्या उजेडात चाललेला प्रयोग, जागून जड झालेले डोळे, दारातून आत येणारा गार वारा. किर्लोस्करांनी समोर घडणारी गोष्टच पदात घातली असावी असं मला आता वाटतंय. कृष्ण ते रुक्मिणीला सांगत होता आणि बसलेल्या प्रत्येकालाही.

आज सगळं नाटक रात्रभर करा असं मी म्हणणार नाही, कुणाला जमणारही नाही. पण एका तरी संचाने पहाटे साडेचारला पडदा उघडावा आणि फक्त हा चौथा अंक करावा. मी येईन.

साडेचारचा गजर लावलाय.

सोमवार, सकाळी सव्वासहा

उठले. खिडकी उघडली, खोलीतला दिवा तसाच ठेवला आणि फोनवर ‘प्रिये पहा’ लावलं. या पदाचा राग देसकार त्या वेळेला काय लागतो! एकदा संपल्यावर पुन्हा लावलं, मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ‘दीपतेज मंद होत’ आलं तेव्हा वर पाहिलं. दिवा चालूच होता, पण भिंतीवर त्याचा उजेड दिसेनासा झाला होता.