आठला तीन कमी

"अक्का, टी?"

श्रीलंकेतल्या नेगोंबोत आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाईंनी पहिल्याच सकाळी अशी हाक मारली, आणि माझी बहीण हातातला टॉवेल तसाच धरून माझ्याकडे बघायला लागली. "हिला माझं नाव कुणी सांगितलं गं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. सिंहलीतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. पुढचे पाच दिवस रिक्षावाल्यापासून मासळीवालीपर्यंत सगळे तिला अक्का म्हणत राहिले. दादा गेल्यापासून ती जरा मिटून गेली होती. इथे मात्र प्रत्येक हाकेला ती "ओ" देत होती.

श्रीलंकेला आम्ही दोघी गेलो त्या दादांच्या एका वहीमुळे. दादा म्हणजे आमचे वडील. करमाळ्याजवळच्या आमच्या गावाहून शेजारच्या गावी शाळेत शिकवायला जायचे, सायकलवर. घरात भिंतीतल्या कोनाड्यात कातडी कव्हरचा रेडिओ आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल. सकाळी साडेसातला रेडिओ सिलोनवर (सिलोन म्हणजे आताची श्रीलंका) जुन्या सिनेमांतली गाणी लागायची आणि आठला तीन मिनिटं कमी असताना शेवटचं गाणं, रोज न चुकता, सैगलचं. सैगल सुरू झाला की दादा सदऱ्याची वरची गुंडी लावायचे. आई डब्यात भाकरीवर शेंगदाण्याची चटणी ठेवून वरून फडकं बांधायची. सैगल संपला की सायकल निघायची. आमच्या आळीत घड्याळं दोन-तीनच होती, पण सैगल सगळ्यांना ऐकू जायचा, त्यामुळे कुणाचाच उशीर होत नसे. आजही सैगलचा आवाज कानावर पडला की मला आधी चटणीचा वास येतो. गाण्यातलं दुःख त्याच्या मागून कधीतरी येतं.

वही सापडली ती पेन्शनच्या कागदांखाली. शाळेतली, दोनशे पानी, पुठ्ठ्याला खाकी कागदाचं कव्हर. आत दर बुधवारच्या बिनाका गीतमालेची, म्हणजे सिलोनवरच्या लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीची नोंद. तारीख, मग पायदानांचे आकडे तांबड्या शाईने आणि गाण्यांचे मुखडे निळ्या शाईने, त्यांच्या त्या फळ्यावरच्या अक्षरात. बुधवारी रात्री आठला दादा पाटावर वही घेऊन बसत आणि तासभर घरात कुणी भांडं आपटायचं नाही असा दंडक असे. वही चाळताना अक्का एका पानावर थांबली. नवव्या पायदानासमोर गाणं नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, "खरखर." पुढच्या पानांवर तसं आणखी बऱ्याच ठिकाणी. जे ऐकू आलं नाही ते त्यांनी नंतर कुणाला विचारून भरलं नाही. खरखरीचीच नोंद ठेवली.

"हे जिथून यायचं ते एकदा बघून येऊ," अक्का म्हणाली. मी त्याच आठवड्यात तिकिटं काढली.

मुंबईहून कोलंबो अडीच तास. विमानात बसल्या बसल्या मनात तेच येत होतं. निवेदक अमीन सयानी गीतमालेचं ध्वनिमुद्रण मुंबईत करत आणि त्याच्या टेपा विमानाने कोलंबोला जात. म्हणजे मुंबईतला आवाज दीड हजार किलोमीटर खाली सिलोनला जायचा आणि तिथून लघुलहरींवर स्वार होऊन परत वर आमच्या कोनाड्यात यायचा. एवढा वळसा कशाला, तर १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले म्हणून. केसकर पुण्यात जन्मलेले, शास्त्रीय संगीताचे गाढे प्रेमी. सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटत. त्यांच्या धोरणाने आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपारच झाली, आणि लोकांनी रेडिओचा काटा कोलंबोकडे फिरवला. गीतमाला सुरू झाली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात. पुढे १९५७ मध्ये विविध भारती आली, पण तोवर सिलोनची सवय घराघरात मुरली होती. केसकरांचा हेतू चांगला होता हे मला मान्य आहे. तरी लोकांच्या घरात कोणतं गाणं वाजावं हे एका माणसाने ठरवावं, हे मला तेव्हाचं वाचतानाही पटत नाही.

नेगोंबो विमानतळाच्या अगदी जवळ, म्हणून आम्ही आधी तिथेच राहिलो. कोळ्यांचं गाव, घरोघरी मेरीच्या तसबिरी, समुद्रावर काथ्याच्या चटयांवर वाळत घातलेली मासळी. मला मालवणात आल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला आम्ही ओट्यावर बसलो होतो. लांबून पियानोची धून आली. बीथोवनची, सगळ्यांना ठाऊक असलेली ती. बारीक, किरटी, जुन्या खेळण्यातून निघावी तशी. मालकीणबाई आतून मोबाइल कानाला लावूनच धावत बाहेर आल्या, फाटक उघडलं आणि हात लांब करून फोन रस्त्याच्या दिशेने धरला. कोपऱ्यावरून एक रिक्षा वळली. मागे काचेचं कपाट, त्यात पाव, गोल बन, साखर भुरभुरलेले लांबट पाव. रिक्षावर भोंगा, त्यातून ती धून. रिक्षा फाटकाशी थांबली तरी बाई पाव घ्यायला पुढे होईनात. फोन तसाच धरून उभ्या. गाडीवालाही भोंगा बंद न करता थांबून राहिला. त्याला हे रोजचं असावं.

मग त्यांनी फोन कानाला लावला, दोन शब्द बोलल्या, हसल्या आणि डोळे पुसले.

त्यांचा मुलगा इटलीत, मिलानला असतो. या किनाऱ्यावरचे किती तरी लोक तिकडे आहेत. इथे पाच वाजतात तेव्हा तिथे दुपारचे साडेबारा, त्याची जेवणाची सुट्टी. "आई नको बोलूस, पावाची गाडी ऐकव," म्हणतो. हे सगळं त्यांनी थोडं इंग्रजीत, थोडं सिनेमातून शिकलेल्या हिंदीत सांगितलं. या गाडीला इकडे 'चून पान' म्हणतात. चून म्हणजे ट्यून, पान म्हणजे पाव. पोर्तुगीजांनी आपल्याला पाव दिला, त्यांना पान. मूळ शब्द एकच. मिलानमध्ये बीथोवन काही कमी नसेल. पण त्या पोराला भोंग्यातला हवा आहे, खालच्या दर्जाचा, मागे कुत्रं भुंकत असलेला आणि आईने फाटक उघडल्याची कर्र ज्याच्या आधी येते तो.

अक्का माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "खरखर."

दुसऱ्या दिवशी २४० नंबरच्या बसने जा-एला या गावी. लंकेच्या बसमध्ये गाणी लावतात ती अशी मोठ्याने की शेजारच्याशी खुणेने बोलावं लागतं. आधी बायला वाजत होता, तो उसळता ठेका ऐकून मला गोव्यातली लग्नं आठवली. मग गाणं बदललं. पेटी, तबला, बासरी आणि एक शांत पुरुषी आवाज, शब्द न शब्द नीट मांडणारा. अक्का सरळ होऊन बसली. "हे भावगीत आहे." भाषा कळत नव्हती, पण मलाही तसंच वाटलं. आपली आकाशवाणीची सकाळ, चहाच्या आधणाची वेळ. शेजारच्या कॉलेजच्या मुलीला विचारलं. म्हणाली, "अमरदेव. सरल गी." सरळ गीत! आपण सुगम म्हणतो, ते सरळ म्हणतात.

त्या ओळखीमागे कारण आहे. अमरदेव लखनौच्या भातखंडे संगीत विद्यालयात शिकले. विष्णु नारायण भातखंडे आपले मुंबईचे. त्यांनी रागसंगीताला पाठ्यपुस्तकांत बसवलं आणि ती पुस्तकं समुद्र ओलांडून गेली. सिंहली गायकांच्या एका पिढीने लखनौला जाऊन 'विशारद' ही संगीताची पदवी घेतली आणि घरी येऊन आपल्या भाषेत गाणी रचली.

आणि इथे पुन्हा १९५२ येतं. त्या साली भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर कोलंबोला आले होते, रेडिओ सिलोनच्या सिंहली गायकांची चाचणी घेऊन त्यांना श्रेणी द्यायला. बहुतेकांनी चाचणी दिली. जा-एलाच्या एका गायकाने दिली नाही. सुनील सांत. तो स्वतः लखनौचा विशारद, लोकांचा अतिशय लाडका. त्याचं म्हणणं असं की सिंहली गाण्याची चाल सिंहली भाषेतून यावी, तिला हिंदुस्थानी रागांच्या मापाने मोजू नये. रेडिओशी त्याचं नातं तुटलं आणि ऐन बहरात त्याचा आवाज घराघरातून गेला. रातंजनकरांच्या विद्वत्तेपुढे मी हात जोडते. पण जा-एलाच्या बसथांब्यावर उभी असताना माझं मन सुनील सांतच्या बाजूला होतं. त्याच वर्षी तिकडे दिल्लीत आमची गाणी उथळ ठरत होती आणि त्या गाण्यांना आसरा देणाऱ्या रेडिओवर यांची गाणी तपासायला आपलाच माणूस आला होता.

जा-एलाहून आत एकला नावाचं गाव. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी रेडिओ काढला, त्याचं शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपण केंद्र इथलं. युद्धानंतर ते सिलोन सरकारकडे आलं आणि सैनिकांना घराची आठवण करून देण्यासाठी उभारलेल्या त्या यंत्राने पुढे आमचं घर भरलं. आवारात जाण्याची परवानगी आम्ही मागितली नव्हती. कारखान्यांच्या भिंती, नारळ, डांबरी रस्ता. रस्त्याकडेच्या टपरीवर गुळाचा खडा चावत काळा चहा प्यायलो. अक्काने वही पिशवीतून काढली नाही, पण पिशवी सगळा वेळ मांडीवर होती.

कोलंबोत संध्याकाळी गॉल फेसवर गेलो. पतंग, पोरं, झिंगे लावलेले वडे तळणाऱ्या गाड्या आणि समोर उघडा समुद्र. वारा असा की पदर खोचून घ्यावा लागला. एका गाडीवर लहानसा स्पीकर होता आणि त्यावर मुकेशचं एक जुनं हिंदी गाणं लागलं होतं. वाऱ्याचा झोत आला की गाणं लांब जायचं, अगदी विरून जायचं, मग झोत पडला की एकदम जवळ यायचं.

मला रडूच आलं. आमच्या रेडिओवर गाणं असंच यायचं. लघुलहरींचा आवाज एकसारखा राहत नाही, तो खाली जातो, वर येतो. लहानपणी मला वाटायचं गाणी मुळातच तशी असतात, गाणारी माणसं होडीत बसून गातात. पुढे हीच गाणी मोबाइलवर स्वच्छ ऐकली, एकेक वाद्य सुटं सुटं. छान वाटली, पण त्यात आमचं घर नव्हतं. ते इथे त्या वाऱ्यात होतं. गाणं विरलं की दादांचा हात काट्याकडे जायचा, केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि आम्ही सगळे श्वास धरून बसायचो.

"फिरवा ना जरा," अक्का पुटपुटली. कुणाला म्हणाली ते मी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारचं विमान होतं. सकाळी लवकर रिक्षा करून आम्ही रेडिओच्या इमारतीपाशी गेलो. हा चौक पूर्वी टॉरिंग्टन स्क्वेअर, आता स्वातंत्र्य चौक. संस्थेचं नावही बदललं, १९६७ मध्ये सिलोन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन आणि १९७२ पासून श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन. मोठाली झाडं, रुंद रस्ता, फाटकावर पहारेकरी. आम्ही समोरच्या बाजूला सावलीत उभ्या राहिलो. श्रीलंकेची वेळ आणि आपली वेळ एकच, त्यामुळे घड्याळ लावून घ्यावं लागत नाही. पावणेआठ झाले होते.

अक्काने वही काढली आणि दोन्ही हातांत धरली. रिक्षावाला साठीचा असेल, उतरून जवळ आला. काय आहे, त्याने विचारलं. अक्का म्हणाली, "तात्ता." वडिलांना सिंहलीत काय म्हणतात ते तिने मालकीणबाईंकडून शिकून घेतलं होतं. त्याने वहीकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं आणि चप्पल काढून ठेवावी तसा जरा मागे होऊन शांत उभा राहिला.

सात सत्तावन्नला अक्का गुणगुणायला लागली. सैगलचंच. मुखडा आला, अंतऱ्याची पहिली ओळ आली आणि पुढे अडलं. मी मदतीला गेले तर मलाही आठवेना. इतकी वर्षं रोज ऐकलेलं गाणं, आणि दोघी भर रस्त्यात एकमेकींच्या तोंडाकडे बघतोय.

"त्या वेळी दादा स्टँड काढायचे गं," अक्का एकदम म्हणाली. "पुढचं आपल्याला कधी ऐकूच आलं नाही."

खरं होतं. अंतरा सुरू झाला की आम्ही दोघी उंबऱ्यात पळायचो. सायकलच्या स्टँडचा खट्ट आवाज, मग चेनची करकर, मग कोपऱ्यावरची घंटी दोनदा. आमच्यासाठी ते गाणं तिथेच संपायचं.

आठ वाजून गेले. रिक्षावाल्याने हळूच विचारलं, "अक्का, यमु?" निघायचं का?

"ओ," अक्का म्हणाली आणि वही पिशवीत ठेवली.