आदिलशहाचे दोन वाडे आणि गोव्यातला उजेड

गोव्यात घर असलं की पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो: मंगेशी, शांतादुर्गा, जुनं गोवं आणि संध्याकाळी मिरामार. यंदा कोल्हापूरहून भाची आली ती नवा फोन घेऊन. तिचा हट्ट एकच, "मामा, राजवाड्याचे फोटो काढायचेत." म्हटलं, चल. आदिलशहाचे दोन वाडे आहेत इथे. एक पणजीत मांडवीच्या काठावर धडधाकट उभा आहे, दुसऱ्याचा जुन्या गोव्यात नुसता दरवाजा उरलाय. दोन्ही एका दिवसात आरामात होतात. आणि फोटोसाठी मला विचाराल, तर दुसरा कितीतरी सरस.

पणजीतला वाडा विजापूरच्या युसुफ आदिलशहानं १५०० च्या सुमारास उन्हाळी महाल म्हणून बांधला. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कनं गोवा जिंकलं आणि वाडा पोर्तुगीजांकडे गेला. १७५९ पासून इथे व्हाइसरॉय राहू लागले, १९१८ मध्ये गव्हर्नरचं बिऱ्हाड दोना पावलाजवळच्या काबोला हललं, आणि मुक्तीनंतर २००० सालापर्यंत गोव्याची विधानसभा इथेच भरायची. आज दिसणाऱ्या वाड्यात पोर्तुगीजांनी केलेले फेरबदल पुष्कळ आहेत. मोटरसायकल पायलटला, म्हणजे दुचाकी टॅक्सीवाल्याला, 'आदिलशहा पॅलेस' लक्षात आला नाही, तर 'जुनं सचिवालय' सांगा, बरोबर दारात सोडेल.

फोटो काढायला उभं राहण्याआधी वाड्याचं तोंड कुठे आहे ते बघा. हा वाडा उत्तरेला, नदीकडे तोंड करून उभा आहे. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे पर्यटकांच्या ऐन हंगामात, सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो आणि दर्शनी भागावर थेट ऊन पडतच नाही. पुढे सावलीतली भिंत, मागे लखलखतं आकाश. फोनला दोन्ही एकदम सांभाळणं जड जातं. अशा दिवसांत सूर्योदयाच्या आधी किंवा सूर्यास्तानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत जावं, तेव्हा आकाश आणि भिंत यांचा उजेड जवळजवळ सारखा होतो. दर्शनी भागावर ऊनच हवं असेल, तर मे महिना. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दहाएक तारखेपर्यंत सूर्य माध्यान्हीलाही गोव्याच्या डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. जूनपासून ढगच, म्हणून हाताशी राहतो तो मे. त्या दिवसांत सकाळचं तिरपं ऊन भिंतीला घासून जातं आणि खिडक्यांच्या चौकटी उठून दिसतात.

"मामा, भिंती मागे कलंडल्यासारख्या का दिसतात रे?" भाचीनं विचारलं. वाडा फ्रेममध्ये बसावा म्हणून तिनं फोन वर कलता धरला होता. मी तिला रस्ता ओलांडून नदीकडच्या पदपथावर नेलं, फोनमध्ये जाळीच्या रेषा सुरू करून दिल्या आणि फोन छातीशी सरळ धरायला सांगितला. खाली रस्ता जास्त आला तर येऊ द्या, नंतर कापता येतो. कललेली भिंत नंतर सरळ केली तरी कडा खाल्ल्या जातात. रविवारी सकाळी लवकर गेलात तर समोर गाड्यांची रांगही कमी असते.

शेजारीच आबे फारियाचा पुतळा आहे. संमोहनविद्येतला हा थोर माणूस १७५६ मध्ये कांदोळीत जन्मला. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ पासून इथे आहे. फारियाचे पसरलेले हात आणि समोर कोसळणारी बाई. खाली बसून मागे फक्त आकाश येईल असा कोन घ्या आणि पुतळा काळा पडू द्या. त्या हातांची सगळी ताकद आकृतीच्या कडेत आहे.

मग रायबंदरच्या जुन्या बांधावरून जुन्या गोव्याला. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बस सतत असतात.

सेंट कायतानच्या चर्चजवळ, हिरवळीवर, थोड्या पायऱ्या चढून एक काळा दरवाजा आहे. नुसता दरवाजा. बसाल्टचे खांब, वर आडवा तोळंबा, बाजूला नक्षीदार जाळीचे थोडे अवशेष. घडण हिंदू कारागिरीची. याच वाड्यात १५५४ पासून १६९५ पर्यंत व्हाइसरॉय राहिले. पुढे रोगराईनं शहर ओस पडत गेलं, राजधानी पणजीला सरकली आणि एकोणिसाव्या शतकात वाडा पाडला गेला. बहुतेक लोक इथे गाडीतूनच मान वळवून पुढे जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. ज्या साम्राज्याचा कारभार आफ्रिकेपासून मकावपर्यंत पसरला होता, त्याच्या पूर्वेकडच्या सत्तेचं हे दार आहे.

काळा दगड कॅमेऱ्याला फसवतो. तो त्याला उजळवून राखाडी करतो. स्क्रीनवर खांबाला बोट लावा आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढा, दगड पुन्हा काळा होईल. ऊन बाजूनं येईल अशी वेळ धरा, समोरून आलं तर नक्षी सपाट होते. आम्ही गेलो तेव्हा एका खांबाच्या कोरीव पट्ट्यांत करड्या-पांढऱ्या शेवाळाचे ठिपके बसले होते आणि खोबणीत एक मुंगळा चालत होता. भाचीनं अगदी जवळ जाऊन तो टिपला. तो फोटो मला वाड्याच्या सगळ्या फोटोंपेक्षा आवडला. पूर्ण दरवाजा घेताना मात्र एका माणसाला खांबाशी उभं करा, त्याशिवाय उंचीचा अंदाज येत नाही. आणि चौकटीतून पलीकडे दिसणारी झाडं कापू नका. वाडा जिथे होता, तिथे आता काय आहे, ते त्या मोकळ्या जागेतच दिसतं.

इथून नदीकडे गेलं की व्हाइसरॉयची कमान. फ्रान्सिस्को द गामानं पणजोबा वास्को द गामाच्या स्मरणार्थ १५९९ मध्ये उभारलेली, १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली. नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरला की याच कमानीखालून शहरात शिरायचा. आत अंधार, बाहेर नदीचा उजेड, म्हणून स्क्रीनवर बाहेरच्या उजेडाला बोट लावून उजेडाचं मोजमाप त्यावर घ्या आणि कमानीखालून स्कूटर जाण्याची वाट पाहा.

चर्चचे फोटो घ्यायचे तर से कॅथेड्रल पूर्वाभिमुख आहे, ते सकाळी. बॉम जेझू पश्चिमाभिमुख, ते चारनंतर, तेव्हा त्याचा जांभा पेटल्यासारखा लाल होतो. पावसात तर ओला जांभा आणखी गडद होतो. माझ्या मते जुनं गोवं जुलैतच पाहावं. फक्त एसी गाडीतून उतरल्यावर लेन्सवर वाफ धरते, ती पुसत बसू नका. दहा मिनिटं कॅमेरा बाहेरच्या हवेत राहू द्या. पुरातत्त्व खात्याच्या हद्दीत ट्रायपॉडला परवानगी लागते. ड्रोन घरीच ठेवा, दाबोळीचा नौदलाचा तळ जवळ आहे.

वेळ उरला तर कमानीखालून सरळ धक्क्यावर जाऊन दिवाडीची फेरीबोट पकडा. बोट धक्का सोडते तेव्हा मागच्या कठड्याशी उभे राहा, माडांच्या रांगेत कमान दिसेल. इंजिनाची थरथर असते, तेव्हा शटर वेगाचंच ठेवा आणि कोपर कठड्याला टेकवू नका.