खवट दाणा

दुपारी पेपर चाळत भाजलेले शेंगदाणे खात बसलो होतो आणि शेवटचा दाणा खवट निघाला. माझ्या नशिबी नेहमी शेवटचाच निघतो. वाटी रिकामी, वरून टाकायला चांगला दाणा नाही. मग गूळ शोधा.

आमच्या घरी नुसतं 'वाईट लागतंय' म्हणून भागत नसे. आजी घास तोंडात फिरवायची, "हाई काय शे वं?" म्हणून आईकडे बघायची, आणि मग नेमका शब्द टाकायची. त्या शब्दात गुन्हेगार सापडलेलाच असे. खवट म्हणजे दाण्यांना ऊन न दाखवता डबा भरला. कचवट म्हणजे बेसन भाजताना कुणाला तरी घाई झाली होती. बिबडी, म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा पापड, सादळली की पोरांनी झाकण उघडं टाकलं. ताक कळकलं म्हणजे पितळी पातेल्याची कल्हई कधीच उडालीय आणि दारावरून कल्हईवाला ओरडत गेला तेव्हा आजोबा ओट्यावर पान लावत बसले होते. हे शेवटचं कलम ती सगळ्यांसमोर वाचून दाखवायची. आजोबा ते ताक निमूटपणे झाडाला घालून यायचे.

धुराचा न्याय मात्र मला कधी कळला नाही. दूध धुरकट लागलं की दिवसभर घरात तोच विषय. चुलीत ओलं लाकूड कुणी सारलं, पातेल्यावर झाकण का नव्हतं, सगळी उलटतपासणी. आणि हिवाळ्यात शेतात भरीताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, बडगी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचून, कांद्याची पात टाकून पानात पडली की हीच माणसं त्याच धुराचे गोडवे गाणार! गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरीताला आजी 'उकडलेलं' म्हणायची, आणि ते खाली ठेवायची. जळगावच्या भरीताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. वांग्याला मिळालं, धूर बिचारा तसाच राहिला.

एकाच चवीला आरोपी नव्हता. एक मावशी पूर्णेकाठी, खारपाणपट्ट्यात दिलेली. तिच्याकडचं पाणी मचूळ. वरण शिजता शिजत नसे आणि चहातसुद्धा ते पाणी डोकं वर काढायचं. पहिल्या घोटाला मी तोंड वाकडं केलं की आई टेबलाखालून, म्हणजे तेव्हा टेबल कुठलं, ताटाआडून चिमटा काढायची. आजीसुद्धा तिथे मचूळ हा शब्द उच्चारत नसे. दोन पेले पाणी सलग प्यायची आणि "गार शे" म्हणायची.

आता दाणे पाकिटातून येतात. खवट निघाले तर पाकीट उलटंपालटं करून तारीख बघायची, संपलं. घरात कुणावर ओरडायची सोयच राहिली नाही. मी आजही मूठभर दाणे तोंडात टाकत नाही, एकेक दाणा चोळून, फोलपट उडवून, नाकाशी नेऊन मग खातो. बायको म्हणते, सराफाकडे नोकरी कर.

मात्र कडू म्हटलं की मला गंमत सुचत नाही. आमच्या सोसायटीत एक काका रोज सकाळी दुधीचा रस पितात. परवा म्हणाले, आजचा जरा कडूच होता, पण कडू तेवढं गुणाचं. कारल्याचं ठीक आहे हो, ते जन्मानंच कडू. दुधी कडू लागला तर त्यात कुकुर्बिटासिन नावाचं विष वाढलेलं असतं. जुन्या बायका फोडी करताना एक तुकडा जिभेला लावून बघायच्या आणि कडू लागला तर अख्खा दुधी उकिरड्यावर जायचा. शिजवूनही तो कडूपणा जात नाही. काकांना म्हटलं, रस काढायच्या आधी एक फोड चाखत जा, कडू असली तर थुंका आणि दुधी फेका. ते हसले. हसण्यासारखं नाहीये. कडू दुधीच्या रसानं रक्ताच्या उलट्या होऊन आपल्या देशात माणसं गेलेली आहेत.