विष्णुक्रांता लावा आणि तिचे लाड करू नका

बारा महिने हिरवंगार लॉनच हवं असेल तर ही पोस्ट तुमच्या कामाची नाही. पण कंपाउंडच्या कडेला एखादी मुरमाड, दिवसभर तापणारी, पाइप न पोचणारी पट्टी असते ना, जिथं काही म्हणून धड लागत नाही, तिथं विष्णुक्रांता लावून बघा, असं मी हल्ली भेटेल त्याला सांगत सुटलेय. माळरानावर आपली आपली उगवते, कुणी पाणी घालत नाही की खत टाकत नाही, आणि तरी निळी फुलं येतातच.

फूल एवढंसं असतं, जेमतेम पाऊण सेंटीमीटर. वाकून बघितलं तर आकाशी निळ्या चकतीच्या मधोमध फिकट चांदणी दिसते. सकाळी उमलतं, ऊन चढलं की दुपारपर्यंत मिटतं, दुसऱ्या दिवशी नवीन फुलं. त्यामुळे संध्याकाळी ऑफिसातून येणाऱ्यांनी रविवारची वाट बघायची, इलाज नाही :)

रोप विकत घेताना एक बघा. नर्सरीत हे नाव सांगितलं की पुष्कळदा निळ्या मोठ्या फुलांचं, ‘इव्हॉल्व्हुलस’ म्हणून विकलं जाणारं रोप हातात ठेवतात, ते दक्षिण अमेरिकेतलं, आणि हिचंच दुसरं नाव शंखपुष्पी, ते म्हणालात तर चक्क गोकर्णाचा वेलही मिळू शकतो. दोन्ही छानच आहेत, पण आपल्याला हवी ती ही नव्हे. आपली विष्णुक्रांता म्हणजे तारेसारख्या बारीक फांद्या, जमिनीलगत चारी बाजूंना पसरलेल्या, वर कुठंही न चढणाऱ्या, आणि अंगभर रेशमासारखी पांढरट लव. ही लव नुसती शोभेची नाही, तिच्यामुळे पानातलं पाणी कमी उडतं. बाकीचा भार मुळावर, ते जून झालं की लाकडासारखं टणक होतं. भर उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून काडी काडी झालं तरी मेलं समजून उपटू नका प्लीज, पाऊस पडला की बुडातून परत फुटतं.

लावायला पावसाळ्याची सुरुवात बेस्ट. माती जड असेल तर भरपूर वाळू किंवा मुरूम मिसळा, पाणी साचता कामा नये एवढंच बघायचं. शेणखत मूठभर पुरे, नायट्रोजनवालं खत तर नकोच, नुसता पाला माजतो. बियांचं कवच कडक असतं म्हणून सँडपेपरवर हलकं घासून रात्रभर भिजवायच्या, नाहीतर शेंड्याकडची बोटभर कांडी लावायची. फांद्या जमिनीला टेकल्या तरी पेरापेराला मुळं धरत नाहीत, म्हणून रोपं वीतभर अंतरावरच लावा, लांब लांब लावली तर मधे मोकळी जमीन दिसत राहते आणि तिथं हरळी घुसते. हरळीचं मात्र सुरुवातीला हातानंच निंदायला लागतं, त्यात शॉर्टकट नाही.

मुळं धरेपर्यंत पाणी द्या, मग बोट खुपसून बघायचं, आत ओल लागली तर कॅन खाली ठेवायचा. कडक ऊन हवंच, सावलीत फुलं रोडावतात. आणि सारखी ये-जा असेल तिथं ही नको, तुडवलेलं सहन होत नाही, तिथं जलपिंपळी बरी, ती पेरापेराला मुळं धरून सतरंजीसारखी पसरते, फक्त तिला थोडी ओल जास्त लागते आणि आवरायलाही लागतं.

रोप कुठंच मिळालं नाही तर माळावरून मुळासकट उपटून आणू नका, मूळ तुटतं आणि रोप बहुतेक जगत नाही. त्यापेक्षा मिरीहून लहान, वाळलेली गोल बोंडं शोधा, एकेकात जास्तीत जास्त चार बिया असतात. थोडी बोंडं खिशात टाका, बाकीची तिथंच राहू द्या.