हळकुंडाचा काप

अर्ध्या ब्लेडची धार कशी ओळखायची, हे मला मामांनी शिकवलं. दाढीचं ब्लेड कागदाच्या वेष्टणासकट मधोमध मोडायचं, त्यातलं अर्धं अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवायचं. घसरलं तर ते पेन्सिलीला टोक करायला ठेवायचं. जागीच अडकलं तर सेक्शनला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा पातळ काप काढायला, चालेल. मामा म्हणजे आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेचे परिचर. जर्नलवर सही सरांची असायची, पण कुणाचा काप जाड आलाय हे मामांना दोन टेबलं लांबून कळायचं.

मी सांगलीजवळच्या हरिपूरची. १९८८ साली दहावी झाले आणि शाळेलाच जोडलेल्या अकरावीत शास्त्र शाखेला नाव घातलं. सूक्ष्मदर्शक चार आणि मुलं साठ. नंबर येईपर्यंत तास संपायचा. पहिल्यांदा कांद्याचा पापुद्रा बघितला तेव्हा मी मोठ्या हौसेने काळ्या जाड कडांची चार गोल वर्तुळं काढली. सरांनी वही न बोलता परत दिली. मामा मागून म्हणाले, "बाळ, ते हवेचे बुडबुडे. कव्हरस्लिप, ती वरची पातळ काच, सपाट टाकलीस ना? एक कड टेकव, सुईवर तोलून दुसरी हळूहळू खाली सोड." दुसऱ्या वेळी विटांच्या भिंतीसारख्या लांबट पेशी दिसल्या, प्रत्येकीत कडेला सरकलेलं केंद्रक.

कांदा सोपा असतो, पापुद्रा आपोआप निघतो. खोडाचा, मुळाचा आडवा छेद घ्यायचा तर हात लागतो. पान असेल तर ते बटाट्याच्या फोडीत खाच पाडून धरायचं. ब्लेड पाण्यात ओलं हवं. करवतीसारखं पुढंमागं करायचं नाही, तिरकं धरून एका ओढीत आपल्याकडे आणायचं. वीस-पंचवीस काप वॉच ग्लासमधल्या, म्हणजे काचेच्या उथळ बशीतल्या, पाण्यात सोडायचे आणि त्यातला जवळजवळ दिसेनासा झालेला ब्रशने उचलायचा. पूर्ण गोल काप मिळावा म्हणून आम्ही जिवाचा आटापिटा करायचो. मामा म्हणायचे, "गोल कशाला पाहिजे? चंद्रकोर आली तरी चालेल, कड पातळ हवी." हे वाक्य मला पुढे एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला उपयोगी पडलं.

सरांचाही यात वाटा मोठा आहे. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचातल्या पेशींचं वर्णन छापलं, हे पुस्तकात होतं. पण त्याने आधी चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावून बुचाचा पातळ काप काढला होता, ही गोष्ट सरांनी सांगितली, आणि सांगताना मामांकडे बघून हसले. तेव्हापासून मला हूक म्हटलं की मामांचेच हात डोळ्यांसमोर येतात.

एका शनिवारी सरांनी उसाचं कांडं आणायला सांगितलं. आमच्याकडे उसाला काय तोटा! काप सॅफ्रानिन या लाल रंगात घालून, पाण्याने धुऊन, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवला. गुलाबी ठिपके सगळीकडे विखुरलेले, सालीकडे दाटीवाटीने, मध्यभागी विरळ. सूर्यफुलाच्या खोडात हेच ठिपके नीट कड्यासारखे मांडलेले असतात. सर म्हणाले, हे वाहिन्यांचे जुडगे. ऊस चावून चोथा थुंकता, त्यातले धागे ते हेच. रस मधल्या पातळ भिंतींच्या मऊ पेशींत असतो. साल दातांना का दाद देत नाही, तेही त्या दाटीवरून समजलं. पंधरा वर्षं ऊस खाल्ला होता, पण तो आतून असा असेल हे मनातही आलं नव्हतं.

मग जानेवारीत आमची हळद काढायला आली. शेतात काहील, म्हणजे मोठी कढई, चुलीवर चढली, पाला आणि पोती झाकून हळद शिजायला लागली. फेस आला, वास सुटला आणि हळकुंडातून काडी आरपार गेली की आबा जाळ ओढायला सांगायचे. मी विचारलं, शिजवायची कशाला? आबा म्हणाले, "न शिजवता वाळवली तर रंग धरत नाही, लवकर वाळतही नाही." त्याने माझं समाधान झालं नाही. एक कच्चं आणि एक शिजवलेलं अशी दोन हळकुंडं दप्तरात घालून मी सोमवारी शाळेत आले. अभ्यासक्रमात हळद नव्हती. मामांनी सरांना विचारलं आणि मधल्या सुट्टीत उत्तरेकडच्या खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक लावून दिला.

कच्च्या हळकुंडाचा काप. दहाची नेत्रिका, दहाचं भिंग, म्हणजे शंभरपट. पेशी चपट्या, लंबगोल दाण्यांनी ठासून भरलेल्या. मध्येच एखादी पेशी तेवढी पिवळीजर्द, बाकीच्या जवळजवळ बेरंग. मामांनी काचेच्या कडेला आयोडीनचा थेंब सोडला आणि पलीकडून टिपकागद लावला. निळी लाट एका कडेने आत शिरली आणि दाणे न् दाणे निळे-काळे झाले. "काय दिसतंय?" मामांनी विचारलं. मी म्हणाले, "पेव." हरिपूरच्या मुलीला दुसरं काय सुचणार? अरुंद तोंडाची, पोटात गोल, वर्षानुवर्षं हळद सांभाळणारी आमची जमिनीखालची पेवं, तशीच ही एकेक पेशी पुढच्या कोंबासाठी पिठूळ साठा भरून बसलेली.

मग शिजवलेल्याचा काप. त्यात दाणा म्हणून उरलाच नव्हता. उष्णतेने दाणे फुगून, फुटून एकमेकांत मिसळले होते; प्रत्येक पेशीत खळीसारखा एकच गोळा. आणि थोड्या पेशींत कोंडलेला पिवळा रंग सगळीकडे सारखा पसरलेला. आबा म्हणत होते तो रंग धरणं म्हणजे हे! संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा आबांनी खळ्यावरची दोन वाळलेली हळकुंडं मोडून दाखवली. न शिजवता वाळलेलं एक आत ठिकठिकाणी फिकट होतं, दुसरं गाभ्यापर्यंत नारंगी. आम्ही दोघं तेच बघत होतो, मी शंभरपटीने, ते नुसत्या डोळ्यांनी.

आज मी मसाल्यांच्या तपासणीचंच काम करते. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या दिवशी मला काहिलीची वाफ आठवली. हळदपूड काचेवर घेतली की मी पहिल्यांदा ते पिवळे, बिनआकाराचे गोळे शोधते. त्यांच्यात कोनाकोनांचे, मधोमध ठिपका असलेले सुटे दाणे दिसले तर कुणीतरी मक्याचं पीठ मिसळलंय. रासायनिक चाचण्या पुढे होतातच, पण पहिली शंका डोळ्यालाच येते. तो डोळा त्या मधल्या सुट्टीत तयार झाला.

२००५च्या महापुरात पाणी शिरून हरिपूरची बरीच पेवं निकामी झाली, त्यात आमचंही गेलं. आबा आता नाहीत. मामाही नाहीत. या लेखात त्यांचं नाव घालावं का, म्हणून त्यांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मामाच लिहा. शाळेत त्यांना नावाने कोण ओळखत होतं?"

प्रयोगशाळेचं नूतनीकरण होणार आहे, मोठा पडदा आणि कॅमेऱ्याचा सूक्ष्मदर्शक येणार आहे, असं कळलं. साठ मुलांना एकदम दिसेल, रांग संपेल, फार चांगलं होईल. माझं मागणं एवढंच की पडद्यासाठी उत्तरेकडची खिडकी बुजवू नका. तिथे दिवसभर ऊन येत नाही, उजेड मात्र एकसारखा राहतो. आरशाचा जुना सूक्ष्मदर्शक त्या खिडकीपाशी राहू द्या, आणि शेजारी एक बटाटा आणि थोडी ब्लेडं. ब्लेडांचा खर्च मी देईन.